कुनीबी कुठंबी बसतंय

न्हाई सायेब, कुलूप हालवून काय उपेग न्हाई — आज शनवार, सकाळची शाळा, साडेअकराला सुटली. बाई बाराच्या एसटीनं मलकापूरला घरी गेल्या, हेडमास्तर रानात गेलं, आता सोमवारशिवाय ते दार उगडत न्हाई. आनि तुमाला माघारी कराडला जायला गाडी साडेतीनला — ती बी डायवरच्या मनात आलं तर. या, हिकडं छपरात या, उनात कशाला हुबं ऱ्हाताय? बसा. खुर्ची हाय, पन तिच्या पायाला आत्ताच सरस लावलाय, वाळस्तवर तिला हात लावायचा न्हाई. त्या बाकावर बसा. व्हय व्हय, बुटकं हाय जरा, गुडघं वर येतील — त्याला कारन हाय, सांगतो म्होरं. पानी घ्या. च्या सांगितलाय आत — न्हाई कसं म्हनता, च्या न घेता सरकारी मानूस आमच्या छपरातनं गेला आसं अजून झालं न्हाई.

आता तुमी कोन आनि कशासाठी आलाय, ते मी इचारत न्हाई. पंचायत समितीचं इस्तार अधिकारी हाय तुमी, आनि मांडीवरच्या त्या पिशवीत आम्रपालीबाईंच्या इरुद्धचा अर्ज हाय — बरूबर? आवं, मला कोन सांगंल, गावात एवढी मोठी गोष्ट लपती व्हय? चौकशी हुनार, बाईंची बदली हुनार, पाटणच्या आत कुठंतरी कोयनंच्या खोऱ्यात, दोन डोंगर चालून जायच्या शाळंत — आठ दिस झालं पारावर ह्येच चाललंय. का, तर म्हनं बाई पोरांना जागंवर बसवत न्हाईत. निनावी अर्ज हाय म्हनं. कुनी लिवला ते मला ठाऊक न्हाई, ते इचारू नका. बाकांचं इचारा. बाकांचं माझ्याएवढं गावात कुनाला ठाऊक न्हाई, कारन ती मीच केलीत — आकाराम सुतार माझं नाव — एकवीस बाकं, ह्या हातानं. तुमी बसलाय ते बी त्यातलंच एक.

तर पयल्यापासनं सांगतो, लिवून घ्यायचं तर घ्या. बाकं यायच्या आदी पोरं खाली बसायची. ज्येनं त्येनं घरनं पोतं आनायचं — युरियाचं, साकरंचं, घरात जे आसंल ते — आनि आपल्या जागंवर हातरायचं. जागा कुनी दिल्या न्हवत्या, पन ठरल्याल्या व्हत्या. वरच्या आळीची पोरं फळ्याम्होरं, मधल्या आळीची मधी, आमी सुतार-कुंभार भिताडाला, आनि बौद्धवाड्यातली पोरं दाराकडंला. कुनी बसा म्हनत न्हवतं, पन बसायची. मी शाळंत व्हतो तवा आसंच, माझा ल्योक व्हता तवा बी आसंच. माझ्या वर्गात अर्जुना व्हता, पाढ्यात पयला, तीसाचा पाढा खालनं वर म्हनायचा — चार वर्सं दारात बसला. पावसाळ्यात त्येचं पोतं निम्मं भिजायचं, मग त्यो घडी घालून निम्म्यावर बसायचा. जाऊ द्या, ते मधीच कशाला आलं. बाकांचं सांगत व्हतो.

नाथाजीशेट म्हनून हायत आमच्या गावचं. मामा इट्याचा, त्येनं बारक्यापनीच न्हेलं सोन्याच्या गलाईला, पार केरळात. सोनं गाळायची भट्टी, आता चांगलं बस्तान बसलंय. तीन वर्सांमागं जत्रंला आलं, शाळा बगितली, पोरं पोत्यावर बसल्याली बगून त्येंच्या डोळ्यात पानी आलं. म्हनलं, आकारामा, लाग कामाला, बाबळीची बाकं कर. बसायची फळी आनि म्होरं लिवायची फळी एकाच चौकटीत, दोन पोरांना एक — आसं पक्कं कर की नातवंडं बसली पायजेत. फकस्त एक अट — प्रत्येक बाकावर आमच्या घरच्या एकेका कैलासवासी माणसाचं नाव पायजे. आता बाकं एकवीस, आनि घरची मेलेली माणसं आठवून आठवून सतराच. मग आत्या, मावश्या आनि एक मावसचुलता धरून एकवीस भरलं. पेंटर आनला, पांढऱ्या रंगात नावं घातली. तुमी बसलाय न्हवं, ती शेटची थोरली आत्या. आवं उठू नका, चांगली बाई व्हती, कुनाला उठ म्हनली न्हाई कवा. आनि वर्गात मांडायची कशी, तर मानापरमानं — वडील-आजं पयल्या रांगंत, त्येंच्या मागं चुलतं, सुना शेवटच्या रांगंत. पोरांनी बसायच्या आदीच मेलेल्या माणसांच्या जागा ठरल्या. आनि पोरं बसली तवा बी वरची आळी म्होरं, आनि दाराकडची दाराकडंच, फकस्त पोत्यावर न्हाई, बाकावर.

आनि माझी चूक बी सांगतो, लपवायचं काय त्यात. मे महिना व्हता. पोरं मामाच्या गावाला. माप घ्यायला शाळंत हाय कोन? तर एकटं हेडमास्तर, दादासो मास्तर. सा फूट मानूस. म्हनलं, मास्तर, जरा बसून बगा. ते बसलं, कोपारं टेकली, म्हनलं, ब्येस हाय. झालं — एकवीसच्या एकवीस बाकं दादासो मास्तरच्या मापाची. जूनमदी पोरं बसली, तर पैलीच्यांचं पाय वर तरंगत्यात आनि पाटी हनवटीला लागतीया. पन बोलनार कोन? नारळ फुटला व्हता, फोटू निगाला व्हता, शेटच्या गळ्यात हार पडला व्हता. ती बाकं ज्येच्या मापाची त्यो एकच मानूस शाळंत, आनि त्यो खुर्चीवर बसतो. पोरं चुळबुळ करायची, मास्तर छडी हानायचं. पायाला मुंग्या आल्यात का रं, आसं कुनी इचारलं न्हाई. मी बी न्हाई. मी हितं बसून म्हनायचो, पोरं द्वाड हायत.

तर गेल्या जूनला आम्रपालीबाई आल्या. पंचवीस-सव्वीसचं वय, हसरं तोंड, वडील कारखान्यात फिटर. आमची शाळा चौथीपतोर, मास्तर दोनच, तवा बाईंकडं पैली आनि तिसरी, दादासो मास्तरांकडं दुसरी आनि चौथी. पयला आठवडा गेला. दुसऱ्या सोमवारी मी हितं रंधा मारत व्हतो, तर शाळंतनं आवाज — बाक वढल्याचा. सुताराला आपल्या लाकडाचा आवाज वळखू येतो, सायेब. जाऊन खिडकीतनं बगतो, तर काय — पयल्या रांगंतलं आजोबा मागं भिताडाला, सुना फळ्याजवळ, चार बाकं तोंडाला तोंड लावून, मधी सतरंजी हातरल्याली, आनि पैलीची पोरं त्या सतरंजीवर पालथी पडून पाटीवर लिवत्यात. मी म्हनलं, बाई, ह्ये काय? तर हसून म्हनल्या, काका, कराडला ट्रेनिंग झालं आमचं. ज्याला जिथं बसून अभ्यास होतो, त्यानं तिथं बसायचं. सोमवारी जागा निवडायची, आठवडाभर तिथंच. शेजाऱ्याला तरास दिला, तर निवडायचा हक्क गेला, मग बाई सांगतील तिथं बसायचं.

आता तोटं सांगतो — मी काय बाईंचा वकील न्हाई, तोटं हायतच. पयला महिना नुस्ता आठवड्याचा बाजार. खिडकीजवळच्या बाकावरनं दोन पोरींनी एकमेकीला चावं घेतलं, आयांची भांडनं माझ्या छपराम्होरं. बाकं वढून वढून शहाबादी फरशीवर रेघोट्या पडल्या, त्या अजून गेल्या न्हाईत, जाऊन बगा सोमवारी. तीन गप्पाड्या पोरी एका ठिकानी बसल्या, आठ दिस त्येंचं तोंड मिटलं न्हाई, गनित तिघींचं बी कच्चं. शिवतेज म्हनून एक कार्टं हाय, ते दाराशेजारची जागा निवडायचं आनि बाई फळ्याकडं वळल्या की चिंचंखाली. आनि उवा — हसू नका, खरं सांगतो — आदी उवा आळीआळीच्या येगळ्या व्हत्या, आता साऱ्या गावाच्या एक झाल्या. आमची कारभारीन फणी घिऊन रोज सांजला बाईंच्या नावानं बोटं मोडायची. आनि म्हातारं मानूस शाळंत गेलं की आपलं पोरगं कुठं बसलंय ते घावत न्हाई, साऱ्या वर्गात हुडकाय लागतं. लिवा, हे समदं लिवा.

पन फायदा बी लिवा मग. ते शिवतेज — त्येच्या बुडाखाली जनू इंगळ, दोन मिंटं बसत न्हाई. बाईंनी काय केलं? मारलं? न्हाई. खिडकीचा कट्टा हाय न्हवं, उंच, म्हनल्या, तुझी जागा ही, हुबा ऱ्हा आनि लिही. तर सायेब, ते हुभ्यानं लिवतं. पान पान लिवतं. चिंचंकडं बगतं, पन जात न्हाई. आनि पैलीची बारकी पोरं, जी सकाळी आयच्या पदराला धरून रडायची, ती आता घंटंच्या आदी येऊन बसत्यात, का, तर आपली जागा कुनी घेऊ न्हाई म्हनून. तिसरीच्या पोरी खाली सतरंजीवर बसून त्यांना बाराखडी शिकवत्यात. दादासो मास्तर शेजारच्या वर्गातनं वराडत्यात, शिस्त कुठाय, शिस्त कुठाय — पन मास्तरचीच पोरं मधल्या सुट्टीत बाईंच्या वर्गात जाऊन बसत्यात, आता काय बोलावं.

घ्या, च्या आला. बशीत वता, गरम हाय.

मग मला राग कशाचा आला, आसं इचारताय? मी कुठं म्हनलं मला राग आला? बरं, आला. आला राग. दिवाळी झाल्यावर बाई ह्याच छपरात आल्या, तुमी बसलाय तितंच हुब्या ऱ्हायल्या, आनि म्हनल्या, आकारामकाका, चार बाकांचे पाय कापून द्या, वीतभर. आवं, बाबूळ ती! पार शेनोलीपतोर हिंडून निवडली. एक खिळा न्हाई त्यात, समद्या खाचा, पाचर मारल्याली. आनि तिचं पाय मी कापू? मी म्हनलं, आदी माझं पाय कापा बाई, मग बाकाचं. बाई रागावल्या न्हाईत. एवढंच म्हनल्या, काका, पोरांचे पाय जमिनीला लागायला पाहिजेत. आनि गेल्या. त्या गेल्या, पन ती गोष्ट काय डोक्यातनं जाईना. माझं काम चुकलं, आसं माझ्याच छपरात येऊन कालची पोर मला सांगून गेली, आनि ते बी गोड बोलून. दुसऱ्या दिशी मी बाजाराला म्हनून कराडला गेलो. बाजाराला म्हंजे — बिजागऱ्या आनायच्या व्हत्या.

खरी भीती नाथाजीशेटची व्हती. त्येंच्या घरची माणसं बाईंनी उलटीपालटी केल्याली त्येंना कळलं तर? पौषात शेट आलं, आनि संगं त्येंची आय, मनुबाई, ऐंशी वर्सांची म्हातारी, मालकाचं नाव बाकावर घातलंय ते बगायला. दादासो मास्तर घामाघूम. पयल्या रांगंत शेटचं वडील न्हाईत. दुसऱ्या रांगंत न्हाईत. वर्गातच न्हाईत. कुठं हायत? तर भाईर करंजाखाली — बाईंनी ते बाक सावलीला न्हेलं व्हतं, आनि त्येच्यावर एक पोरगं लिवायच्या फळीवर बूड टेकून, बसायच्या फळीवर पाय सोडून गोष्ट वाचतंय, आनि पाचजन भोवतीनं आ करून ऐकत्यात. शेटचं तोंड काळंनिळं पडलं. शेट बाईंना काय बोलनार, तेवढ्यात म्हातारी काठी टेकत म्होरं गेली, नावावरनं हात फिरवला, त्या पोराला म्हनली सरक जरा, आनि शेजारी बसली. आनि शेटला म्हनती — “ह्यो मानूस बैलाचा हेडी, बैलं घ्यायचा-इकायचा, जल्मात एका जागी बसला न्हाई. आज हितं, उद्या म्हसवडच्या बाजारात. हितंच ऱ्हाऊ दे, भाईर बरा हाय.” म्हातारीनं सारी गोष्ट ऐकली, वर अजून एक वाच म्हनली. जाताना बाईंच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. मी लांबनं बगत व्हतो. मला बाई बचावल्या ह्येचा आनंद झाला, पन त्येचा काय उपेग. तवर टपालात पडल्यालं परत काढता येत न्हाई न्हवं. म्हंजे, अर्ज ज्येनं कुनी लिवला आसंल त्येनं तवर टपालात टाकला व्हता, आसं म्हनायचंय मला.

घड्याळ कशाला बगताय, गाडी आली की हाक येतीया. माझ्या नातीचं ऐका. रेश्मा, ल्योक मिलिट्रीत, ती आमच्याकडं. तिसरीत हाय. डावरी. मी बी डावरा, बगा, करवत ह्या हातानं, वाकस ह्या हातानं. गेल्या साली दुसरीला ती दादासो मास्तरांकडं व्हती. मास्तर म्हनायचं, डाव्या हातानं लिवलं की सरस्वती कोपती, आनि डाव्या हातावर पट्टी. ती उजव्या हातानं लिवायची, अक्षर कसं, तर वळ वर चढत गेल्याली, ल लोळतोय, ळ कुठं जानार त्येलाच ठाऊक न्हाई. उजव्या हातानं डावऱ्या माणसानं लिवलं की तसंच हुतं, तुमच्या त्या अर्जाचंच बगा की, दुसऱ्या पानावर तर —

काय?

न्हाई. खरं हाय. तुमी पिशवी उगडली न्हाई अजून. दोन पानं हायत ते तुमी मला सांगितलं न्हाई.

बरं. आता झाकून काय उपेग. मीच लिवला. ह्या आकारामनं लिवला. माझं डाव्या हाताचं अक्षर साऱ्या गावाला ठाऊक — घराघराच्या तुळईवर, दारावर, पेन्शिलीनं मापं लिवल्याली हायत. म्हनून उजव्या हातानं लिवला. ज्या हाताला माझ्या येळच्या मास्तरनी चौथीपतोर मारून मारून वळान लावलं, त्यो हात पन्नास वर्सांनी त्या कामाला आला. आनि गावचा शिक्का नगं म्हनून कराडात जाऊन टाकला. बिजागऱ्या न्हवत्याच आनायच्या. लाज वाटती सायेब. तुमी आलाय ते बाईंना इचारायला, आनि इचारायचं व्हतं मला.

थांबा, अर्ज काढू नका, मला पाठ हाय. तिसरी वळ काय हाय? ‘वर्गात कुनीबी कुठंबी बसतंय, गावाची रीत ऱ्हायली न्हाई.’ तुमी मला इचारलं तर मी म्हनीन, मी बाकांचं लिवलं, दुसरं काय न्हाई. पन खोटं कशाला बोलू. बाई बौद्ध समाजाच्या. वर्गात वरच्या आळीचं पोर आनि बौद्धवाड्यातलं पोर एका बाकावर. ही वळ गावातल्या चौघांनी वाचली तर तिचा काय अर्थ लावतील, ते मला लिवताना ठाऊक व्हतं. म्हनूनच लिवली. राग माझा बाकाच्या पायाचा, आनि हात घातला तितं. दारात घडी घातल्याल्या पोत्यावर बसनारा अर्जुना मला तवा आठवला न्हाई. आता आठवतो, रोज आठवतो.

कधी कळलं म्हनता? संक्रातीच्या आदल्या आठवड्यात. रेश्मा सांजला म्हनली, आज्ज्या, मला जागा घावली. मी म्हनलं, कसली? तर म्हनती, आदी मी बाकावर उजवीकडं बसायची, तर शेजारच्या पोरीचं उजवं कोपार आनि माझं डावं कोपार लागायचं, तिची रेघ वाकडी व्हायची, मग ती चिमटं काढायची. आता डाव्या कडंला बसती. हात मोकळा ऱ्हातोय. बाई म्हनल्या, ज्या हातानं येतंय त्या हातानं लिही. आनि कुणाल उजवीकडं बसतो, त्यो कडंची जागा मला देतो, भांडत न्हाई. हे सांगितलं आनि पाटी दावली. सरळ वळ, सायेब. सुतळी टाकून आखल्यागत. कुणाल कोन? अर्जुनाचा नातू. मी ती पाटी धरून बसलो आनि म्हनलं, आकारामा, तू सोता डावरा, पन्नास वर्सं त्या हातावर पोट भरलंस, आनि एकवीस बाकं करताना एका बी डावऱ्या पोराचं कोपार तुला दिसलं न्हाई. त्या पोरीला दिसलं, कारन तिला उठून दुसरीकडं बसू दिलं. चुकल्याल्या बाकावर बी बरूबर जागा आसती, पन हुडकू दिली तर.

म्हनून हे बाक. बसलाय न्हवं तुमी त्येच्यावर — गुडघं छातीला लागत्यात न्हवं? तुमाला लागनारच. ते पैलीसाठी हाय. दिवाळीनंतर जे पाय कापायला मी न्हाई म्हनलं, ते काल कापलं. वीतभर, बाईंनी सांगितलं तेवढं. करवत लावली, तर लाकूड कापताना चांगलं वाजलं. अजून तीन करायची हायत. पाचर ढिली झाली म्हनून शाळंतनं आनलं, पाय कापल्यालं बाईंना अजून ठाऊक न्हाई. सोमवारी न्हेनार.

आता तुमी सांगा, माझ्या हातात काय हाय? अर्ज फाडा म्हनलं तर तुमी फाडनार न्हाई, कागद सरकारी झाला. बदली माझी करता येत न्हाई, न्हाईतर मीच गेलो आसतो पाटणला. काय म्हनता? लिवून द्यायचं? नाव घालून? की सदर अर्ज मी दिला, तो रागाच्या भरात दिला, तक्रार खरी न्हाई — नावानिशी, सहीनिशी? मग गावाला कळनार. दादासो मास्तर हसनार. पारावर चार महिनं माझंच चालनार. बरं. चालू द्या. तुमच्याकडं दोन पेनं हायत न्हवं? एक द्या. कोरा कागद माझ्याकडं हाय, हितं ठिवा, ह्या फळीवर. तुमी सांगा, मी लिवतो — न्हाई, तुमी लिवू नका, माझं अक्षर पायजे, वळखू आलं पायजे.

सरका जरा. मी बसतो शेजारी. दोघांना हाय बाक, बसतंय. हं, सांगा — ‘मी, आकाराम —’ आवं, तुमचं कोपार लागतंय. तुमी टिपन घेताय, मी लिवतोय, तुमचं उजवं, माझं डावं. ही बगा, रेघ गेली वाकडी. न्हाई न्हाई, तुमी हात आकसू नका, आकसून लिवता येत न्हाई, मी शाळंत चार वर्सं बगितलंय. तुमी उठा. उठा, हिकडं या. उजवीकडं तुमी, डाव्या कडंला मी. हां. आता बगा — दोघांचं बी मोकळं. लिवा तुमी बी.

‘...तक्रार मागे घेत आहे. वर्गात कोणीही कुठेही बसते, हे खरे आहे. तसेच बसू द्यावे.’ शेवटची वळ तुमी सांगितली न्हवती, मी घातली. खोडायची का? न्हाई म्हनता, तर ऱ्हाऊ द्या. ही सही. डाव्या हाताची, गावातलं बारकं पोर बी वळखंल.

बाईंना तुमी सांगनार? न्हाई, तुमी नगं. सोमवारी बाक घिऊन जाईन, तवा मीच सांगतो, त्येंच्या तोंडावर. त्या काय म्हनतील ते म्हनतील.

ऐका, हाक आली. ती बगा, धुरळा. उठा सायेब, वाकून उठा, फळी लागंल गुडघ्याला. पिशवी ऱ्हायली. पेन बी घ्या. आनि डायवरच्या मागच्या शीटवर बसू नका, इंजनाची झळ लागती — बसायचं तर बसा, कुठं बसायचं ते तुमचं तुमी बगा. जावा आता. मला अजून तीन बाकांचं पाय कापायचं हायत.